थांबले नाहीत

"नीट वाचा, बाई. हवा तर चष्मा लावा." दोसिंदाने कागद टेबलावर आपटला.

नोराने तो दुसऱ्यांदा वाचला. इंग्लंडमधल्या चौकशीसाठी दोसिंदाने फोनवरून दिलेला जबाब होता, दुभाष्याने इंग्रजीत केलेला. दोन वर्षांपूर्वी एका ब्रिटिश मालवाहू जहाजाने तिच्या नवऱ्याच्या, आमारोच्या, बोटीला धडक दिली होती. बोट बुडण्याआधी आमारोने फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं: त्यांनी आम्हाला पाहिलं, पण थांबले नाहीत.

"इथे लिहिलंय, 'थांबू शकले नाहीत'," नोरा म्हणाली.

"म्हणजे त्या बिचाऱ्यांचा नाइलाज झाला?"

"पत्र पाठवू. दुरुस्त करतील."

"कागद करतील दुरुस्त. पण जूनमध्ये मला तिथे उभं राहायचंय. तेव्हा माझं मीच बोलणार. अकरा आठवडे आहेत. जमेल?"

"जमेल," नोरा म्हणाली. "पुष्कळ झाले."

आयर्लंडहून एका वर्षासाठी आलेली नोरा स्पेनमधल्या गालिसियातल्या या बंदरात एकतीस वर्षं इंग्रजी संभाषण शिकवत होती. लंडनला निघालेले वेटर, परिचारिका, मुलं सांभाळायला जाणाऱ्या पोरी तिच्याकडे मुक्या यायच्या आणि भांडण्याइतकं इंग्रजी घेऊन जायच्या. पत्र मात्र फार थोड्यांचं येई. त्याचं तिला वाईट वाटत नसे. माणसाला बोलतं करणं आपल्याला येतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

पण दोसिंदाच्या तोंडून वर्गात शब्द फुटेना. ती नुसती मांडीवरचे हात चोळत बसे. तिसऱ्या आठवड्यात ते रिकामे हात नोराच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी ती सरळ धक्क्यावरच्या शेडमध्ये गेली. तिथे दोसिंदा इतर बायकांबरोबर जाळी सांधायची. नोराने मासळीचा क्रेट उपडा केला आणि बसली.

"आल्या वकीलबाई!" म्हातारी एलादिया ओरडली. "खटला कुणावर भरताय?"

"तुझ्यावर. कालचे बांगडे शिळे होते."

बायका खिदळल्या. दोसिंदाची सुई चालू लागली, आणि सुईमागून जीभ. 'स्टॉप'ला ती 'एस्टॉप' म्हणायची. मग साऱ्या शेडने तिच्यासोबत 'स्स्स' घोटला. "तापल्या तव्यावर मासा टाकलाय जणू," एलादिया म्हणाली. पण तिचा 'स्स्स' सगळ्यात लांब होता.

नवव्या आठवड्यात नोराने जहाज कंपनीच्या वकिलाचा आवाज काढला. "वारा होता, फोन खरखरत होता. तो आवाज तुमच्या नवऱ्याचाच, कशावरून?"

सुई थांबली. दोसिंदा आपल्या भाषेत कडाडली, "कशावरून? लाज नाही वाटत विचारायला?"

"इंग्रजीत."

"बाई, पुरे झालं."

"तिथला वकील पुरे म्हणणार नाही. इंग्रजीत सांग."

एलादियाने नोराकडे रागाने पाहिलं. नोरा जागची हलली नाही. दोसिंदाने सुई पुन्हा जाळ्यात घातली आणि इंग्रजीत म्हणाली, अडखळत, "तीस वर्षं मी त्या आवाजाशेजारी झोपले."

व्याकरणाच्या दोन चुका होत्या. नोराने एकही सुधारली नाही.

"मी येऊ सोबत?" निघण्याच्या आदल्या दिवशी तिने विचारलं.

"नको. तुम्ही असलात तर मी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन."

आठवड्याने दोसिंदा परतली आणि थेट शेडमध्ये आली. अंगावर अजून चांगला कोट होता. बायका भोवती जमल्या.

"वकिलाने प्रश्न विचारला. दुभाषी तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, थँक यू, मी बोलते."

"आणि बोललीस?"

"सगळं. वकील म्हणाला, 'थांबू शकले नाहीत असं म्हणायचंय का?' मी म्हटलं, नाही. थांबले नाहीत. त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं. मग न्यायाधीशांनी त्याला बसवलं आणि माझं वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं."

एलादियाने तिच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी कॉफी ओतली. हळूहळू एकेक बाई आपापल्या कामाला लागली. दोसिंदाने कोट काढून खिळ्याला अडकवला, एप्रन बांधला.

"आता बरं वाटतंय?" नोराने हळूच विचारलं.

दोसिंदाने विचार केला. "दोन वर्षं आमारोचं एक काम माझ्याकडे होतं, बाई. आता तेही झालं."

फाटलेलं मोठं जाळं तिने पुढे ओढलं आणि एक टोक नोराच्या हातात दिलं. "धरा. ढिलं सोडू नका."

नोराने ते दोन्ही हातांनी ताणून धरलं.