मधल्या सुट्टीतली ओवी

दर बुधवारी मधल्या सुट्टीत कॉलेजच्या कडुलिंबाखाली गाणं असायचं. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. मांडी घाला, डबा उघडा आणि ऐका. बारामतीच्या त्या कॉलेजात एरवी कुणी कुणाचं ऐकत नसे, पण फुकटच्या गाण्याला पोरं हातात वडापाव घेऊन का होईना, वेळेवर यायची.

आज गाणार होती रेश्मा. निरवांगीची, दुसऱ्या वर्षाला. सकाळपासून ती धास्तावलेली होती.

भीती गाण्याची नव्हती, तात्यांची होती. तात्या म्हणजे तिचे वडील, दादासो. बिरोबाच्या देवळात धनगरी ओवी गावी तर त्यांनीच. मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला, पण ओवी सोडली नाही. ती बाईमाणसानं म्हणायची नाही, देवाखेरीज कुणापुढं म्हणायची नाही, आणि एकदा सुरू केली की मधे तोडायची नाही. तोडली तर घरावर काहीतरी ओढवतं, असं त्यांच्या घरात मानत. रेश्मा ती ओवी देवळाच्या भिंतीआडून ऐकत वाढली होती. थोरली बहीण छकुली दहावीत असताना गॅदरिंगला नाचली, तर दुसऱ्या दिवशी तात्यांनी तिचा शाळेतून दाखला काढला. आता ती कोऱ्हाळ्याला नांदते, आणि माहेरी आली की रेश्माची पुस्तकं नुसती चाळत बसते.

म्हणून रेश्मानं पेरणीचं एक साधं गाणं निवडलं होतं. घरी पत्ता लागायचं कारणच नव्हतं. पण साडेबाराला गाण्याचं सगळं बघणाऱ्या सुकन्या मॅडम हसत हसत आल्या. "अगं, यंदापासून गाणाऱ्यांच्या पालकांना मेसेज जातो. तुझ्या वडिलांनाही सकाळीच गेलाय!"

मॅडमना काय जातंय हसायला? तात्यांना वाचता येत नव्हतं. आलेला मेसेज ते पारावरच्या आबाजीकडून वाचून घेत, आणि आबाजी वाचायचा तो दवंडी दिल्यासारखा. म्हणजे आतापर्यंत निम्म्या गावाला कळलं असणार.

"मॅडम, माझं नाव काढा."

"माइक लागलाय, आता कसलं नाव काढतेस?"

एक वाजता ती कडुलिंबाच्या कट्ट्यावर चढली. समोर शंभरेक पोरं डबे उघडून बसली होती. आणि त्यांच्या पलीकडं, गेटमधून, तात्यांचा लाल पटका आत आला.

घाबरलं की त्यांच्या घरचं माणूस एकच करतं: बिरोबाचं नाव घेतं. रेश्मानंही घेतलं. पण तोंड माइकपाशी होतं, आणि ते नाव तिनं जन्मभर एकाच चालीत ऐकलेलं होतं. त्याच चालीत ते निघालं, आणि त्याच्यामागोमाग पुढची ओळ आलीच. पेरणीचं गाणं राहिलं बाजूला. देवाची ओवी सुरू झाली होती, आणि आता थांबायची सोय नव्हती.

पोरं खायची थांबली. पटका डब्यांमधून वाट काढत जवळ येत होता. रेश्मा गात होती, पण डोक्यात एकच चाललं होतं: आज आपलं कॉलेज संपलं.

तेवढ्यात तासाची घंटा झाली. पोरं उठू लागली, मॅडमनी बास म्हणून हात केला. आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज बसला. ओळ अर्ध्यातच तुटली.

कट्ट्याखालून ती ओळ कुणीतरी उचलली. तात्यांनी चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या, एक हात कानावर होता, डोळे मिटलेले. त्यांनी ओळ पुरी केली, पुढचीही घेतली. मग रेश्माचाही गळा सुटला आणि दोघांनी मिळून ओवी शेवटाला नेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मॅडमनी डोळे पुसले. सुटले बाई, असं रेश्माला वाटलं.

तात्या चपला पायात सरकवत जवळ आले.

"देवाची हुती म्हनून पुरी केली," ते हळू म्हणाले. "आता दाखला कुठं मिळतो त्ये दाव."

ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज पुढं सरकवला. "मुलगी अठराच्या पुढं आहे, तिचीच सही लागेल."

"कर सही," तात्या म्हणाले.

रेश्मानं पेन हातात घेतलं. अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"न्हाय करत, तात्या."

आता थोबाडीत बसणार म्हणून तिनं डोळे मिटले. थोबाडीत बसली नाही. तिनं डोळे उघडले, तर तात्यांनी खिडकीचा कट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बाप घाबरलेला तिनं आजवर पाहिला नव्हता.

"मग सांच्याला," त्यांचा आवाज एवढासा झाला होता, "घरी तरी येनार हायस का न्हाय?"

"येनार की. पाचच्या गाडीनं, रोजच्यावानी."

तात्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. निदान रेश्माला तसं वाटलं. तास सुटल्यावर वॉचमननं तिला सांगितलं, "तुझे वडील दुपारपासून इथं गेटपाशी बसलेत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. सारखं एकच विचारतात, ह्या कालेजाला दुसरं गेट न्हाय न्हवं?"