रिकाम्या धरणाचा राखणदार

“दादा, मोरीपाशी गोण्या तुम्ही रचल्यात?” यांनी विचारलं.

दादा वांग्यांना पाणी देत होते. त्यांनी मान वरही केली नाही. “मग कोण रचणार? तुला पगार मिळतो तो पाणी पळवून लावायचा.”

मी मागे उभी राहून हसू दाबत होते, कारण दादांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक धरणं भरावीत म्हणून देव पाण्यात ठेवतात. माझ्या नवऱ्याची नोकरी धरण रिकामं ठेवायची. डोंगरातून येणारा ओढा, त्याला आडवी मातीची भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी कायम उघडी असलेली मोरी. मोठा पाऊस झाला की लोंढा भिंतीला अडायचा आणि मोरीतून बेताबेताने खाली जायचा. एरवी आत नुसतं गवत आणि शेळ्या. “यांना तिथे काम काय असतं?” असं पाहुण्यांनी विचारलं की मी सांगायची, “काही होऊ नये, हेच काम.”

दादा म्हणजे माझे मोठे दीर. सासरे लवकर गेले, तेव्हापासून यांना दादांनीच वाढवलं. ही नोकरीसुद्धा दादांनीच चपला झिजवून मिळवून दिलेली. त्यांचं घर भिंतीच्या अगदी खाली, आमचं जरा वर टेकाडावर. त्या वर्षी त्यांनी मोरीच्या तोंडाशी मातीच्या गोण्यांची थप्पी लावली आणि धरणात तळं साठलं. खरं सांगते, ते तळं मला आवडलं होतं. धुणं घराजवळ आलं, बदकं उतरायला लागली. जाऊबाई टोपलीभर वांगी पाठवायच्या आणि मी ती काही परत धाडली नाहीत.

यांनी दादांना परोपरीने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस हे मलाच भिंतीच्या कोरड्या बाजूला घेऊन गेले.

“हात लाव,” म्हणाले.

भर उन्हाळ्यात तिथलं गवत ओलं होतं. माती बोटाला मऊ लागली.

“ही भिंत चार दिवस पाणी अडवायला बांधलीय. महिनोन् महिने पाणी टेकून राहिलं की आतून भिजते. आत्ता झिरपतंय ते स्वच्छ आहे. उद्या गढूळ आलं तर समज, भिंत पोटातून पोखरतेय.” ते समोर बघायला लागले. समोर दादांचं घर होतं. अंगणात जाऊबाई धान्य निवडत बसल्या होत्या.

यांनी कळवल्यावर ऑफिसातून इंजिनिअर बाई आल्या. भिंत बघून त्यांचाही चेहरा उतरला. “पावसाआधी रिकामं व्हायलाच हवं. पण एकदम सोडू नका, आतली भिजलेली बाजू ढासळेल. थोडं थोडं काढा.”

म्हणजे एका दिवसात उरकलं असतं ते दुखणं रोजचं झालं. सकाळी हे लांब काठीच्या आकड्याने वरची एक गोणी ओढून काढायचे, पाणी वीतभर उतरायचं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर गोणी परत जागेवर! चोर वस्तू नेतो हे ऐकलं होतं, आणून ठेवणारा चोर आमच्याच घरात निघाला.

शेवटी एका संध्याकाळी चोर सापडला. दादा गुडघाभर पाण्यात, खांद्यावर गोणी. हे पाण्यात उतरले आणि गोणी आपल्या खांद्यावर घेतली.

“दादा, खाली शेवाळ आहे, पाय घसरेल. गोणी ठेवायची तर मला हाक मारा. मी ठेवतो. सकाळी मीच काढतो.”

मला हसू फुटलं. दादांना नाही फुटलं. ते काठावर आले, धोतर पिळलं आणि शांतपणे म्हणाले, “माझी वांगी वाळली की माझ्या दारात येऊ नकोस. मला भाऊ नाही असं समजेन.”

यांनी खांद्यावरची गोणी काठावर उतरवून ठेवली. त्यानंतर गोणी परत आली नाही. पाणी उतरत गेलं, भिंतीच्या पायथ्याचं गवत वाळलं आणि दादांची वांगीही वाळली.

त्या पावसाळ्यात ओढा कधी नव्हे असा आला. मी डबा घेऊन गेले, तर हे भिंतीच्या पायथ्याशी वाकून माती चाचपत फिरत होते. वर धरणात पाणी चढत होतं. जादा पाणी बाजूने काढून द्यायला सांडवा असतो, त्याच्या हातभर खाली येऊन ते थांबलं. तळं तसंच असतं तर हे सगळं त्याच्यावर चढलं असतं, तेही भिजून मऊ झालेल्या भिंतीला टेकून. एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा करत आले होते, याची मला फार लाज वाटली. खाली दादांच्या घरातून चुलीचा धूर निघत होता.

चार दिवसांत मोरीतून सगळं पाणी वाहून गेलं. पुढे दुकानाच्या पायरीवर दादा भेटले. आम्हाला पाहून, पण आमच्याकडे न बघता, चारचौघांत म्हणाले, “पूर येणार, पूर येणार म्हणून माझं पीक घालवलं. आला का पूर? माझा उंबरा तरी भिजला का?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. यांनी माझा हात दाबला.

“सांगायचं होतंत ना तोंडावर!” मी वाटेत म्हणाले.

“काय सांगायचं? खरंच नाही भिजला.” आणि समाधानाने हसले.

याला आता बरेच पावसाळे झाले. दादा अजून बोलत नाहीत. धरणावरून आमच्या घरी यायला जवळची वाट आहे, पण हे रोज खाली उतरून दादांच्या दारावरून येतात. बाहेरूनच “दादा” अशी हाक मारतात. दादा ओसरीवर बसलेले असतात, ते तोंड फिरवतात. मग हे टेकाड चढून घरी येतात, हातपाय धुतात आणि मी न विचारताच सांगतात, “दादा बरे आहेत.”