मल्लिकार्जुन सर अजून आत येतात

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. दिसायला नुसता काळा लोखंडी डबा. पण सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरींच्या कारखान्यातली सगळी नक्षी माझ्या पोटात आहे. मोर आहेत, कोयऱ्या आहेत, वेलबुट्टी आहे. इथले सगळे संगणक तारांनी मला जोडलेले आहेत. कोणी आलं की मी नाव आणि परवलीचा शब्द विचारतो. कोणाला कोणत्या कप्प्यात जाऊ द्यायचं ते माणसांनी मला सांगून ठेवलं आहे, त्याप्रमाणे दार उघडतो. मला ऐकू येतं, पण आत येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. माझ्या लेखी माणूस म्हणजे त्याचं नाव. राखणदार आणि तोही आंधळा, असं माझं नशीब.

मला इथं आणलं मल्लिकार्जुन सरांनी. ते होटगीचे, कारखान्याचे मुख्य नक्षीकार. खोक्यातून काढून त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं होतं. सगळ्यांत वरचा कप्पा त्यांनी आपल्या नावाने केला आणि बाकीचे त्याच्या पोटात ठेवले. माझ्यात नियम असा, की वरच्या कप्प्यावर ज्याचा हक्क, त्याचा हक्क आतल्या प्रत्येक कप्प्यात आपोआप उतरतो. कप्पा कालच केलेला असला तरीही. सर कामाला बसले, की त्यांनी काढलेलं सगळ्यांत पहिलं कमळ उघडून क्षणभर बघत, मगच पुढचं काम. आणि रजेवर असले की आपला परवलीचा शब्द फोनवरून असा सांगत, की तो अख्ख्या खोलीला पाठ व्हावा. "घ्या की उघडून! सोनं ठेवलंय व्हय तितं?" असं म्हणून हसत. चांगले दिवस होते ते. पाहुणे आले, की आमचे मालक गुरुशांत अण्णा त्यांना आधी माझ्यापाशी आणत आणि मी उगीच पंखा जोरात फिरवत असे.

मग सर वारले.

आमच्या कारखान्याची एक रीत आहे. जुना कारागीर गेला, तरी त्याच्या मागावरचं नाव पुसत नाहीत. विणणारा दुसरा असतो, पण माग त्याच्याच नावाने चालतो. धोंडप्पाचा माग, येडूचा माग, असंच म्हणतात अजून. तीच रीत अण्णांनी मला लावली. "सरांचं नाव पुसायचं न्हाय. सर हितंच हायेत." झाडलोट करणाऱ्या केराबाई खंडेनवमीला मला हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि कोणी नाही असं बघून हळूच विचारतात, "सर, हाय न्हवं आत?"

मला उत्तर देता येत नाही, हे बरंच आहे. कारण सर खरोखरच आत येऊ लागले होते.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली, की माग थांबतात आणि कारखाना एकदम मुका होतो. तशाच एका दुपारी ते नाव आलं. शब्द बरोबर, हक्क सगळीकडे. मी दार उघडलं. पण त्याने कमळ उघडलं नाही. तिकडे वळलंसुद्धा नाही. ते एकेका कप्प्यात शिरलं, चाचपडलं आणि निघून गेलं. मला केस असते तर ते उभे राहिले असते. नाव सरांचं होतं. येणारं कोण होतं, मला आजही ठाऊक नाही. पुढे ते वरचेवर येऊ लागलं, आणि दर वेळी मला भीती वाटे.

सरांच्या जागी माढ्याची सुकन्या आली. नेमणूक कच्ची. एक नक्षी मनाजोगती निघाली तर कायम करीन, असं अण्णांनी सांगितलं होतं. पोरीने जीव ओतला. ज्वारीचं ताट; कणसाच्या भाराने नव्हे, तर वर बसलेल्या चिमणीने वाकलेलं. ते तिने एका वेगळ्या कप्प्यात ठेवलं आणि बाकी सगळ्यांची नावं तिथून काढली. एक नाव काही निघेना. ती अण्णांकडे गेली.

"अण्णा, माझ्या कप्प्यात सरांचं नाव वरनं उतरलंय. बंद करू का?"

"सरांचं भ्या वाटतंय व्हय तुला?"

"सरांचं न्हाय ओ. त्यांच्या नावानं दुसरंच कुणी शिरलं तर?"

"नाव पुसायचं न्हाय म्हंजे न्हाय," अण्णा म्हणाले.

त्याच आठवड्यात ते नाव थेट चिमणीपाशी गेलं आणि तिची नक्कल घेऊन परतलं. आमच्या मागावर चिमणी चढायच्या आधीच ती दुसऱ्या कारखान्याच्या चादरीवर बाजारात आली. अण्णांनी ती चादर सुकन्यापुढे टाकली.

"त्या कप्प्यात कोणकोण जाऊ शकतं?"

"मी आन्... सर."

"सर तर न्हाईत. मग राहिलं कोण?"

कोण कधी आत आलं त्याची माझ्यातली नोंद तिने उघडून दाखवली. भर दुपारी, सरांचं नाव. अण्णांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मेलेला माणूस चोरी करतो व्हय गं? सरांच्या नावानं तूच शिरलीस. शब्द ठावा होता तुला."

"शब्द समद्यांनाच ठावा हाय, अण्णा! मीच तर बंद करा म्हनत होते की!"

अण्णांनी ऐकलं नाही. मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण मला तोंड असतं, तरी सांगणार काय होतो? मीही नावच पाहिलं होतं.

संध्याकाळच्या आत सुकन्याचं नाव माझ्यातून पुसलं गेलं. जिवंत माणसाचं नाव पुसताना कोणाचाही हात अडखळला नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मुलांनो. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावा, त्याची आठवण काढा, पण त्याची किल्ली दाराला तशीच ठेवू नका. आपला परवलीचा शब्द चारचौघांत सांगू नका. आणि नवा कप्पा केलात, तर वरून कोणाचा हक्क त्यात उतरला आहे ते नीट बघा.

आता थांबतो. माग बंद झाले आहेत, डबे उघडल्याचे आवाज येत आहेत. सुकन्याचा कप्पा अजून तसाच आहे; त्यात तिची एक नक्षी अर्धीच राहिली आहे. सरांचं नाव आलं आहे. शब्द बरोबर आहे. मला दार उघडावं लागत आहे.