मोडीत काढली तेव्हा मी चालू होते

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. बिघडलेली मात्र म्हणू नका. तो शब्द एकदा एका माणसाने माझ्याबद्दल लिहून दिला आणि त्याची किंमत भलत्याच माणसांनी मोजली.

मी अँजिओग्राफीची मशीन आहे. कुणाच्या छातीत कळ येते, हृदयाला रक्त पोहोचवणारी नळी तुंबते, तेव्हा त्याला माझ्या टेबलावर झोपवतात. माझा वाकडा हात त्याच्या छातीवरून फिरतो आणि नळी कुठे तुंबली आहे ते पडद्यावर दिसते. मग डॉक्टर मनगटातून एक बारीक तार आत सरकवतात, नळी मोकळी करतात आणि तिथे जाळीदार स्टेंट बसवतात. हे जितके लवकर होईल तितके हृदय वाचते. उशीर झाला तर माणूस एखादे वेळी जगतो, पण त्याच्या हृदयाचा एक तुकडा कायमचा मरतो.

कारखान्यात मला घडवले खरे, पण माणसांत आणले ते कास्तानोरेमाच्या लोकांनी. उत्तर ग्रीसच्या डोंगरातले हे गाव. चेस्टनटची झाडे, शेळ्या, धुके आणि समुद्राकाठच्या शहराकडे वळणे घेत उतरणारा एकच रस्ता. छातीत दुखणारी माणसे ॲम्ब्युलन्समध्ये घालून त्या रस्त्याने नेत. त्यांतली बरीचशी परत येत ती पेटीतून. म्हणून सरकारने निम्मे पैसे दिले तेव्हा उरलेले गावाने उभे केले. बायकांनी चर्चच्या जत्रेत चीज भरलेल्या पोळ्या विकल्या, जर्मनीत कामाला गेलेल्यांनी तिकडून पैसे पाठवले.

माझे डॉक्टर होते अर्गिरिस. याच गावचे. अथेन्समधली नोकरी सोडून आले होते. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर हात ठेवून ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "आता कुणाला तो रस्ता उतरायला नको. आणि खिशात हात घालायलाही नको." म्हाताऱ्यांनी त्यांचे हात कपाळाला लावले. मीही त्यांच्यावर विश्वास ठेवला.

माझा पहिला रुग्ण चीज बनवणारे स्तामातिस काका. कमरेचा एप्रन सोडायलाही त्यांना फुरसत मिळाली नव्हती.

"काय रे डॉक्टर, किती शेळ्या विकाव्या लागतील?" त्यांनी विचारले. ओठ निळे पडले होते, तरी बोलणे थांबत नव्हते.

"एकही नाही, काका. सरकारी दवाखाना आहे. तुम्ही फक्त हलू नका."

"हलू नको म्हणतोय! तिकडे कढईत दूध नासतंय माझं."

ते चालत घरी गेले. नंतर कितीतरी जण तसेच चालत गेले. एव्हान्थिया नावाची नर्स माझी देखभाल करायची. लोक तिला एव्हान्थियाताई म्हणत. रोज सकाळी ती मला पुसायची आणि कामाला लागण्याआधी माझ्याशी दोन शब्द बोलायची. रुग्णांच्या संताचे, पांतेलेइमोनचे एक छोटे चित्र तिने माझ्या हाताच्या खालच्या बाजूला चिकटवले होते. उभ्या माणसाला ते दिसत नसे. दिसे ते फक्त टेबलावर उताणे झोपलेल्याला. "घाबरलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवं ना," ती म्हणायची.

मग देशाचे दिवस फिरले. सरकारची तिजोरी रिकामी झाली. तारा वेळेवर येईनात, स्टेंट संपले की संपलेच. पगार कापले गेले. अथेन्सहून आरोग्य खात्याचे एक साहेब आले आणि माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "एकेका झटक्यामागे एवढा खर्च! एवढ्याशा गावाला हे परवडत नाही."

"आणि उशिरा पोचलेल्या माणसाचा खर्च धरलात का?" एव्हान्थियाताईने विचारले. "तो जगतो, पण सारखा धापा टाकत वॉर्डात येऊन पडतो. वर्षानुवर्षं."

"ते दुसऱ्या खात्यात जातं, मॅडम," साहेब म्हणाले.

मला वाटले, आता डॉक्टर माझ्या बाजूने बोलतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी लिहून दिले की मी बिघडले आहे, दुरुस्ती होण्यासारखी नाही, मला मोडीत काढावे.

"अहो डॉक्टर, सकाळीच तर चालवली आपण!" ताईचा आवाज चढला होता.

"सिस्टर, यंत्रात एवढा जीव अडकवू नये," ते म्हणाले आणि माझे बटण बंद केले. ज्या हाताने त्यांनी गावाला शब्द दिला होता, त्याच हाताने.

मला ट्रकवर चढवले तेव्हा रस्त्याकडेला लोक उभे होते. प्रेतयात्रेला काढावी तशी स्तामातिस काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मला ओरडून सांगायचे होते, मी मेलेली नाही हो! पण आम्हाला तोंड नसते.

मित्रांनो, मला कुणी भट्टीत घातले नाही. ट्रक शहरातल्या एका खाजगी इस्पितळात शिरला; त्यांनी मला मोडीच्या भावात घेतले होते. संगमरवरी फरशी, दारात फुलझाडांच्या कुंड्या. मला नवी आवरणे चढवली, नवा रंग दिला. आणि एका सकाळी नवा कोट घालून डॉक्टर अर्गिरिस आत आले. त्यांनी मला सुरू केले. मी एका झटक्यात सुरू झाले.

काम तेच होते. फक्त आता माझ्या दाराआधी पैसे भरायचे एक टेबल होते आणि त्या टेबलापाशी रुग्णाचे नातेवाईक रडकुंडीला येत.

ईस्टर जवळ आला होता. एव्हान्थियाताई घरी सणासाठी लाल रंगात अंडी बुडवत होती. तिची पाठ भरून आली, जबडा दुखू लागला, ओकारी आली. कास्तानोरेमाच्या दवाखान्यात माझी खोली रिकामी होती. ॲम्ब्युलन्स तोच रस्ता उतरली. त्या दिवशी शहरातल्या सरकारी इस्पितळात जागा नव्हती, म्हणून तिला आमच्याकडे आणले.

तिचे यजमान पानागोस दारात हात जोडत होते. "आधी तिला आत घ्या हो! मी कुठे पळून जाणार आहे?"

"काका, सही आणि आगाऊ रक्कम. त्याशिवाय मला करता येत नाही," टेबलामागची मुलगी म्हणाली. त्यांनी न वाचताच सही केली.

तिला माझ्या टेबलावर झोपवले. मी तिला ओळखले. तिने मला ओळखले नाही. माझा रंगच बदलला होता. मग माझा हात तिच्या छातीवर आला आणि तिच्या डोळ्यांसमोर, खालच्या बाजूला, तिचा संत पांतेलेइमोन होता. तो खरवडून काढायचे कुणालाच सुचले नव्हते, कारण इथे काम करणारे सगळे उभेच असत.

तिने ते चित्र ओळखले. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, ही तर मेली होती ना?"

डॉक्टरांच्या हातातली तार थांबली.

"सिस्टर, बोलू नका. हलू नका."

"मी हलत नाहीये. तुमचीच तार थांबलीय."

खरे तेच सांगते, त्यांनी काम चोख केले. नळी उघडली. पण फार उशीर झाला होता. तिच्या हृदयाचा मोठा भाग गेला तो गेलाच. आता तिला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. पायांवर सूज येते आणि सरकारी वॉर्डात तिला पुन्हा पुन्हा भरती करावे लागते. बिल भागवायला पानागोसनी चेस्टनटची बाग विकली.

तिने तक्रार केली. कास्तानोरेमाचे लोक पोलिसांना घेऊन आले, माझ्या अंगावरचा कारखान्याचा क्रमांक तपासला; मोडीच्या कागदावरचा तोच निघाला. तेव्हा डॉक्टर तिच्यासमोर पहिल्यांदा चिडले. "तिथे तार नव्हती, स्टेंट नव्हते, अर्धा पगार! मी काय करायला हवं होतं?"

लोकांबरोबर आलेली ताई खुर्चीत बसली होती. एका वाक्यासाठी तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. "तेच लिहायला हवं होतं. तार नाही, स्टेंट नाही, सरकार देत नाही. आम्ही रस्त्यावर बसलो असतो, डॉक्टर. तुम्ही लिहिलंत, मशीन बिघडली. मग आम्ही भांडणार कुणाशी?"



आता मी कोर्टाच्या गोदामात आहे. मी पुरावा आहे म्हणे, आणि पुराव्याला हात लावायचा नसतो. परवा मला ओळखून दाखवण्यासाठी ताईला इथे आणले. कारकून कागद चाळत होता तेव्हा ती माझ्यावर कोपर टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "स्तामातिस काका गेले गं. दुसरा झटका आला. अर्ध्या रस्त्यातच."

मला तिचे सांत्वन करता आले नाही. ज्यांनी शब्द दिला त्यांच्यावर रागावताही आले नाही. मी फक्त तिथे होते, धडधाकट आणि बंद.

मित्रांनो, सरकारी दवाखाना तुमचा असतो आणि त्यातली यंत्रेही तुमचीच असतात. तिथल्या एखाद्या दारावर 'मशीन बंद आहे' अशी पाटी दिसली, तर मान हलवून परत फिरू नका. कधीपासून बंद आहे ते विचारा. कुणी तपासली ते विचारा. आणि कुणी सांगेना, तर दार उघडायला लावा.