लिटरमागे साडेचार किलोमीटर

मी एक जुना, बारा चाकांचा ट्रक आहे. माझा मूळ रंग निळा, पण आता तो सांगितल्याशिवाय कळत नाही. मित्रांनो, माझ्या पहिल्या ड्रायव्हरची गोष्ट मी सांगितली नाही, तर ती कोणीच सांगणार नाही.

मला एका वाहतूक कंपनीने विकत घेतले आणि करारावर त्याच्याकडे दिले. पाच वर्षे दर आठवड्याला त्याच्या कमाईतून हप्ता कापला जाणार, डिझेल त्याने स्वतः भरायचे आणि पाच वर्षांनी मी त्याचा होणार, असे ठरले. पहिल्या दिवशी तो बायकोला मला दाखवायला घेऊन आला. माझ्याभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "आपल्या घरापेक्षा हाच मोठा दिसतोय."

तो हसून म्हणाला, "घर एका जागी बसून असतं. हा कमावून आणेल."

पहिल्या वर्षी त्याने मला खूप पळवले. जास्त खेपा म्हणजे जास्त कमाई, असे त्याला वाटे. पण वेगात मी डिझेल नुसते ढोसत असे, आणि महिनाअखेर त्याच्या हाती काही उरत नसे. तेव्हा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याला सांगितले, "तुझा पाय जड आहे. तो हलका कर, खिसा आपोआप जड होईल."

त्याने ते मनावर घेतले. ताशी पंचावन्नच्या वर तो काटा जाऊ देईना. रोज सकाळी टायरमधली हवा बघे, एअर फिल्टर झटकून साफ करी, सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचले. लिटरमागे साडेतीन किलोमीटर चालणारा मी साडेचार चालू लागलो. बाकीचे ट्रक भुर्रकन पुढे जात. त्यांचे ड्रायव्हर खिडकीतून विचारत, "काय आस्ते, यंदा पोचणार का?" तेव्हापासून त्याचे नावच आस्ते पडले. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. आणि पंधरा दिवसांनी खेपांचे दर उतरवले. दर ठरवताना डिझेलचा खर्च आजवर साडेतीनच्या हिशेबाने धरत, तो आता साडेचारने धरला. साहेब म्हणाले, "आस्तेला जमतं, तर सगळ्यांना जमेल."

त्या दुपारी तो माझ्या सावलीत डबा खायला बसला, तेव्हा नेहमीच्या मंडळींपैकी कोणी आले नाही. म्हातारा ड्रायव्हर तेवढा शेजारी येऊन टेकला. "तू मुद्दाम केलं नाहीस, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "पण आमच्या पोटावर आलं रे." आस्तेने डब्याचे झाकण लावले. त्याचे जेवण तसेच राहिले.

आता माझ्यातून वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. मग तो स्वतःतून वाचवू लागला. माल भरायच्या रांगेत चार-चार तास उभे राहावे लागे. केबिनमधला एसी इंजिन चालू असेल तरच चालतो, म्हणून तो भर उन्हात इंजिन बंद करून आत बसून राही. भरलेला ट्रक थांबवून पुन्हा वेगात आणायला डिझेल फार लागते. वाटेत थांबायला नको म्हणून तो पाणीच पीत नसे. बायको त्याची बाटली धुवायला घेई, तेव्हा ती भरलेलीच असे.

"अहो, दोन लिटर डिझेल जास्त गेलं तर जाऊ दे ना," ती म्हणायची.

"दहाच महिने राहिलेत," तो म्हणायचा. "एकदा हा आपला झाला की मग बघू."

एका दुपारी सिमेंट कारखान्याच्या फाटकासमोर रांग पुढे सरकली, पण मी जागचा हललो नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. शेवटी म्हाताऱ्या ड्रायव्हरने चढून दार उघडले. आस्ते स्टिअरिंगवर डोके टेकून बेशुद्ध पडला होता. डॉक्टरांनी सांगितले, त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. आता ट्रक चालवायचा नाही.

हप्ते थांबले. करारात लिहिल्याप्रमाणे मी कंपनीकडे परत गेलो, आणि सव्वाचार वर्षांत त्याने भरलेले सगळे हप्ते माझे भाडे म्हणून धरले गेले.

सामान न्यायला तो बायकोबरोबर आला. दोन पायऱ्या चढून केबिनमध्ये यायलाही त्याला तिचा हात धरावा लागला. तो क्षणभर सीटवर बसला. "चांगला चालला हा," एवढेच तो म्हणाला.

खाली उभ्या असलेल्या बायकोने सामानाची पिशवी खांद्याला लावली. "चला," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

त्यानंतर तो मला दिसला नाही. आज मला चौथा ड्रायव्हर चालवतो.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझे ऑइल कमी झाले, इंजिन तापले, तर समोर लाल दिवा लागतो. आस्तेच्या अंगावर असा दिवा कुठेच नव्हता. तुमच्या घरातूनही कोणीतरी रोज कामाला जात असेल. ते परत आले की विचारा, आज पाणी प्यालात का, घटकाभर बसलात का. ते "हो" म्हणतील. तरीही एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघा.