दुपारचे अकराशे वॅट

गोपाळकृष्ण सरांनी धाराशिवच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्यापाशी शिकवायला एकटी लीलाच उरली. लग्नाला अडतीस वर्षं झालेली बायको, पण डाळ किती वेळ भिजवावी इथपासून त्यांनी तिला पुन्हा शिकवायला घेतलं. मग पुण्याहून मुलानं, शंतनूनं, वडिलांच्या वाढदिवसाला वीज मोजायचं यंत्र पाठवलं. लीलाला वाटलं, बरं झालं, आता हे त्यात रमतील.

ते रमलेही. चिमट्यासारखं ते यंत्र सरांनी स्वतः मीटरच्या पेटीतल्या मेन वायरला अडकवलं आणि घरात या क्षणी किती वीज जाते ते मोबाइलवर दिसायला लागलं. सोबत सिलिंडरखाली ठेवायचा एक चपटा काटाही आला होता. गॅस किती ग्रॅम जळला तेही त्याच मोबाइलवर. महिन्याभरात घराला नियम लागले. गीझर आठ मिनिटं. कुकरच्या तीन शिट्ट्या, चौथी नाही.

"काल साडेतीनला गॅस पेटवला होतास?" सर विचारायचे.

"वरची सोनाली आली होती. चहा टाकला."

"दोन कपांना बारा ग्रॅम लागतो. वीस गेलाय."

"आलं घातलं होतं, जरा उकळू दिला."

"मी काही म्हणत नाही. फक्त आकडा सांगतोय."

ते खरंच कधी काही म्हणत नसत. फक्त आकडा सांगत. लीलानं सोनालीला चहा विचारणं बंद केलं.

सोनाली आणि तिचा नवरा बालाजी दोन वर्षांपासून वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. दोघं भूम तालुक्यातल्या ईटचे. बालाजी औषधांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, सकाळी सातला जायचा तो दिवेलागणीला यायचा. सोनाली ब्लाऊज शिवायची. कॉलनीतल्या अर्ध्या बायका तिच्याकडंच टाकायच्या, कारण तिचा हात गळ्याला कधी चुकत नसे. त्यांच्या विजेला वेगळं सबमीटर होतं आणि त्याचं रीडिंग सर दर रविवारी वहीत लिहून घेत.

एप्रिलात पारा बेचाळीसवर गेला. पंख्याखाली बसलं तरी पाठीला घामाची धार. सर जेवून साडेबाराला जिल्ह्याच्या वाचनालयात जात, तिथं मोठे कूलर होते. तीनला परत येत. लीला घरी असायची.

घरात एक एसी होता. दोन वर्षांपूर्वी शंतनूनंच पुढच्या खोलीत बसवला होता, त्याच्या बायकोला आणि मुलीला मेमध्ये इथं सोसत नाही म्हणून. ते चार दिवस येऊन गेले. मग सरांनी त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कपाटात ठेवली. दुसरी किल्ली लीलाच्या शिवणाच्या डब्यात होती. ती तिथं आहे हे सरांच्या ध्यानातही नव्हतं.

एका दुपारी लीलाचं डोकं इतकं ठणकायला लागलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं कुलूप उघडलं, एसी लावला आणि लेकाच्या पलंगावर आडवी झाली. पाच-दहा मिनिटांत कानशिलं शांत झाली. तिला तासभर गाढ झोप लागली. उठल्यावर तिनं चादर सारखी केली, कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नव्हतं. तरी तिनं खोली उघडली.

यंत्रात हे दिसणार, हे तिला कळत होतं. तिनं वाक्यही तयार ठेवलं होतं. डोकं दुखत होतं, तासभर लावला. पण चौथ्या दिवशी सरांनी विचारलं ते भलतंच.

"वर दुपारी इस्त्री किती वेळ चालते गं?"

"का?"

"रोज एक ते सव्वादोन अकराशे वॅट जातायत. मधेच तुटतात, परत लागतात. इस्त्रीचं असंच असतं. पण सबमीटरवर काहीच वाढ नाही. म्हणजे सबमीटरच्या अलीकडून वायर घेतलीय कुणीतरी."

लीला पोळी लाटत होती. "मला नाही ठाऊक," ती म्हणाली.

एवढंच बोलली. पुढं पुष्कळदा तिला वाटलं, ते सगळं त्या एका पोळीच्या वेळात ठरलं.

दोन दिवसांनी ती एसीत पडली असताना फोन वाजला. सर वाचनालयातून बोलत होते, आवाज दबका.

"आत्ता चालू आहे. बाराशेवर गेलंय. वर जा आणि बघ काय करते ती."

लीला उठून बसली. पायांना गार वारा लागत होता. तिनं फोन कानाला तसाच धरून मिनिटभर थांबून सांगितलं, "दार लावलंय तिनं. झोपली असेल."

"झोपली असती तर आकडा कुठून आला असता?"

तिनं एसी बंद केला. फोनवर सर म्हणाले, "बघ, लगेच उतरला! तुझी चाहूल लागली तिला."

त्यांनी वायरमन गुंडप्पाला बोलावलं. गुंडप्पानं शिडी लावून पेटीपासून वरच्या खोलीपर्यंत सगळी लाइन तपासली.

"काय बी न्हाय, सर. लाइन एकदम साफ हाय. एसी-बिसी लावताव का दुपारचं?"

"त्या खोलीला दोन वर्षं कुलूप आहे," सर म्हणाले.

लीला पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. गुंडप्पानं तिच्याकडं बघितलं, पाणी प्यायला आणि शिडी उचलून गेला.

त्यानंतर तरी तिनं थांबायला हवं होतं. तीन दिवस ती थांबली. चौथ्या दिवशी पारा त्रेचाळीसवर गेला आणि तिनं पुन्हा कुलूप काढलं. सव्वाएकच्या सुमाराला फाटकाशी स्कूटरचा आवाज आला. तिनं झटकन एसी बंद केला, खोली लावून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सर आत आलेच नाहीत. अंगणात उभं राहून त्यांनी वर हाक मारली.

"सोनाली! खाली ये."

सोनाली गळ्यात टेप तशीच घेऊन खाली आली. सरांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. "हा आकडा बघ. मी फाटकात आलो आणि खाली आला. गॅलरीतून बघितलंस ना मला?"

"काय, सर? मला काय कळंना."

"गावाकडं चालत असेल तुमच्या आकडे टाकणं. इथं नाही चालायचं."

बाजूच्या गच्चीवर प्रेमाबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्या कठड्याशी आल्या.

सोनालीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "आकडे टाकणारे गावात हैत, न्हाय म्हणत न्हाय. आमच्या घरात कुणी टाकला न्हाय, सर. चला वर, इस्त्रीला हात लावून बघा. गार पडलीया."

"तेवढ्यात वायर काढून ठेवायला काय लागतं?"

सोनालीनं सरांवरून नजर काढली आणि हाक ऐकून दारात आलेल्या लीलाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अहो, ऊन किती आहे," लीला म्हणाली. "आत या ना."

रात्री बालाजी आला. हात जोडले नाहीत, भांडलाही नाही. "सर, आमी चोरी केली न्हाय. पण आता हितं राहायचं न्हाय आमाला." कॉलनीत त्यांनी तीन खोल्या बघितल्या. तिन्ही ठिकाणी आधीच निरोप पोचलेला होता. आठव्या दिवशी टेम्पोत सामान भरून ते येडशीला गेले. शिलाई मशीन चढवताना लीला मदतीला पुढं झाली, तर सोनाली म्हणाली, "राहू द्या काकू. जड हाय."

त्या दिवसापासून लीलानं एसीला हात लावला नाही. मे महिना तिनं ओला टॉवेल डोक्यावर ठेवून काढला. महिनाअखेर सरांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. दुपारचा आलेख सपाट होता.

"बघितलंस? ते गेले आणि अकराशे वॅट गेले. यंत्र खोटं बोलत नाही."

प्रेमाबाईंनाही त्यांनी दाखवला. ज्याला त्याला दाखवला.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी लीला रामलिंगाला जाते म्हणून निघाली. एसटीतून येडशीला उतरली, पण देवळाकडं गेली नाही. स्टेशनच्या वाटेवर विचारत विचारत तिनं सोनालीची खोली शोधली. पत्र्याची खोली. मशीन दाराशी ओढून सोनाली शाळेच्या खाकी चड्ड्या शिवत होती, दुकानदाराच्या, नगावर. तिनं चटई टाकली, पाणी दिलं, स्टोव्हवर चहा ठेवला. लीला नको म्हणाली तरी ठेवला.

"सोनाली, ते मी होते," लीला म्हणाली. "दुपारी मी एसी लावत होते. चोरी कुणीच केली नव्हती."

सोनाली चहा गाळत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय, काकू."

"काय?"

"त्या एसीचं बाहेरचं मशीन आमच्या जिन्याखाली हाय न्हवं का? कपडे वाळत घालायला गेलं की गरम वारा लागायचा. पहिल्या दिवशीच कळलं. म्या बालाजीला म्हणलं बी, बरं झालं, काकू जरा पडत्यात."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी अंगणात तुमच्याकडं बघितलं की. मला वाटलं, आता बोलतील." सोनालीनं कप तिच्यासमोर ठेवला. "न्हाय बोलला. मग म्हणलं, आपल्याला काय, खोली सोडून जाता येतंय. काकूला कुठं जाता येतंय?"

लीला रडायला लागली. सोनालीनं तिला रडू दिलं. जवळ आली नाही. जरा वेळानं तिनं मशीन पुन्हा सुरू केलं, कारण संध्याकाळपर्यंत तीस चड्ड्या द्यायच्या होत्या. निघताना लीला म्हणाली, "मी सगळ्यांना सांगते. तू परत ये." सोनाली म्हणाली, "तुमची गाडी चुकंल."

संध्याकाळी जेवताना लीलानं सरांना सगळं सांगितलं. किल्लीपासून येडशीपर्यंत. सरांनी हात धुतला, चष्मा लावला आणि मोबाइलवर मागं मागं जात एप्रिल महिना काढला.

"म्हणजे रीडिंग बरोबरच होतं," ते म्हणाले.

"अहो, त्या पोरीला तुम्ही चोर म्हणालात. येडशीला जाऊन एकदा तिला—"

"तेव्हा तू समोर होतीस. तू बोलली नाहीस. आता मला कशाला पाठवतेस?"

"मग निदान कॉलनीत तरी सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? माझी बायको कुलूप काढून चोरून एसी लावते?" ते उठले. आवाज चढवला नाही. त्या आठवड्यात त्यांनी शंतनूकडून दुसरा चिमटा मागवला आणि एसीच्या वायरला लावला. शिवणाच्या डब्यातली किल्ली काढून घेतली.

मग लीला स्वतःच निघाली. आधी प्रेमाबाईंकडं गेली.

"लीलाताई, तुम्ही लई साध्या," प्रेमाबाई म्हणाल्या. "भाडेकरणीसाठी कुणी असं अंगावर घेतंय का? सरांनी मोबाइलवर दाखवलंय मला. ती गेली, आकडा गेला."

"मी लावणं बंद केलं म्हणून गेला."

"बरं, बरं. बसा, सरबत करते."

लीला तिथून धुरपताबाईंकडं गेली, तिथून पुढच्या घरी. पाच घरं झाली. कुणी हसलं, कुणी तिला पंख्याखाली बसवलं. एकीनं तर विचारलं, झोप लागते का नीट? आठवड्याभरात ती गोष्ट फिरून सरांच्या कानावर आली, पण येताना तिचं रूप बदललं होतं. सरांच्या मंडळींचं हल्ली डोकं ठिकाणावर नाही, घरोघर जाऊन भाडेकरणीची चोरी स्वतःच्या नावावर सांगतात.

सरांनी ते खोडून काढलं नाही. वाचनालयात जाणं मात्र बंद केलं आणि दुपारी घरी थांबू लागले.

रविवारी शंतनूचा फोन आला. "आई, तू बरी आहेस ना? बाबा म्हणत होते, तू लोकांच्या घरी जाऊन काहीतरी सांगतेस."

"काहीतरी नाही. खरं सांगते."

"हो, हो. पण आता नको जाऊस. मी दिवाळीत येतो, तेव्हा आपण एखाद्या डॉक्टरला दाखवू."

लीलानं सरांकडं बघितलं. ते समोरच्या खुर्चीत बसले होते, सगळं ऐकत होते. त्यांना खरं काय ते पुरतं माहीत होतं. तिनं फोन त्यांच्यापुढं धरला.

"तुम्ही सांगा त्याला," ती म्हणाली.

सरांनी फोन घेतला. "हो, दिवाळीत बघू," ते म्हणाले, आणि ठेवून दिला.