उजव्या पात्याचे दात

धारवाल्या बाईंचा एक नियम बर्फावरच्या स्केटिंगच्या सगळ्या रिंकला पाठ होता. स्केटच्या पात्याला धार लावायची ती दोन बाजूंच्या कडांना, टोकाच्या दातांना हात लावायचा नाही. त्या दातांवरच तर उडी उभी असते. ते बर्फात रोवायचे आणि त्यांच्या जोरावर वर जायचं. कोणी दुसरीकडून दात घासून आणले, की बाई त्याची अशी काही हजेरी घ्यायच्या, की मागे रांगेत उभी असलेली माणसंसुद्धा मुकाट्याने आपापली पाती तपासायला लागायची. बावीस वर्षं रिंकच्या कडेच्या धार लावायच्या खोलीत बसून त्यांनी हेच केलं होतं.

आणि याच बाईंनी पोटच्या पोरीच्या उजव्या पात्याचे दात कानशीने घासले. एकदा नव्हे, चार वेळा. दर वेळी केसभर.

बाई दुष्ट नव्हत्या हो. घाबरल्या होत्या. आणि घाबरलेलं माणूस काय करेल याचा नेम नसतो.

पोरीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणायचे. वय एकोणीस. तिला एक उडी हवी होती, लुट्झ, आणि तीही तीन गिरक्यांची. डाव्या पायावर उलटं घसरत लांब वळण घेत यायचं, उजव्या पायाचे दात बर्फात रोवायचे, आणि वळण जिकडे चाललंय त्याच्या बरोब्बर उलट दिशेला तीनदा फिरून पुन्हा त्याच उजव्या पायावर उतरायचं. सगळा भार त्या एका पायावर. पहिल्यांदा त्या पायाच्या घोट्याची लिगामेंट फाटली. सात महिने गेले. जरा कुठे बस्तान बसतंय तोवर नडगीच्या हाडाला चीर गेली. आणखी सहा महिने. ती चीर गेल्याचा आवाज बाईंनी खोलीत बसून, धारेचं चाक चालू असताना ऐकला होता.

"हाड छान जुळलंय," डॉक्टर शेवटच्या तपासणीला म्हणाले. "उड्या मारायला माझी हरकत नाही. तिसऱ्यांदा झालं तर मात्र..." एवढं बोलून ते कागदावर काहीतरी लिहायला लागले. मेल्याने वाक्य तरी पुरं करायचं! ते अर्धं वाक्य बाईंच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्यांनी पोरीला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. भिंगरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बर्फावर हजर! मग बाईंनी कानस हातात घेतली. त्यांचा अंदाज साधा होता. दात नीट रुतणार नाहीत, उडी उंच जाणार नाही, पोरगी कंटाळेल आणि दोन गिरक्यांवर समाधान मानेल. त्या दोन गिरक्या ती डोळे मिटून मारायची.

पण कंटाळा हा प्रकार त्या घराण्यात कोणाला ठाऊकच नव्हता. टोक निसटायचं, पोर कमरेवर आपटायची, उठायची, पुन्हा वळण घ्यायची. दिवसाला तीस वेळा, चाळीस वेळा. मांडीवर वांग्याच्या रंगाचे डाग उठले. शिकवणारे सर कठड्याशी उभे राहून ओरडायचे, "पाय ठणठणीत आहे तुझा! भीती डोक्यात बसलीय. रोवायच्या क्षणी कच खातेस!" पात्यावर शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. धार खुद्द आईने लावलेली.

निवड चाचणीला तीन आठवडे उरले होते. तीन गिरक्यांची उडी नसेल तर संघातून नाव कटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि एका संध्याकाळी जेवताना भिंगरी म्हणाली, "आई, सोडते मी. नाही जमत. पाय संपला माझा."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जे हवं होतं ते आयतं चालून आलं होतं. खरं तर लाजेने मान खाली जायला हवी होती, पण त्या रात्री बाईंना गाढ झोप लागली.

पुढच्या चार दिवसांत मात्र त्यांना वेगळंच दिसायला लागलं. भिंगरी जिना चढताना कठडा धरायची. डावा पाय पुढे, उजवा मागून, एकेक पायरी, म्हातारीसारखी. पाण्याची बादली उचलायची वेळ आली की म्हणायची, "आई, तू घे ना, माझ्या पायावर भार येईल." बाईंचा धाकटा भाऊ रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायचा. भाचीचं तोंड सुकलेलं बघून मामा तिला म्हणाला, "चल गं, तुला गाडी शिकवतो. ताशी सहाचा वेग, पोलीसही पकडणार नाहीत!"

"नको मामा," भिंगरी म्हणाली. "ब्रेकवर उजवाच पाय लागतो ना?"

मामा कसनुसा हसला. बाईंनी मात्र ते खिडकीतून ऐकलं. पोरीचं हाड वाचवायला गेल्या, आणि धडधाकट पाय तिच्यापासून काढून घेऊन बसल्या!

त्याच दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर तिचा उजवा बूट ठेवला, आणि शेजारी पुढच्या हंगामासाठी आणून ठेवलेल्या नव्या जोडीतलं उजवं पातं.

"दोन्ही टोकांवरून बोट फिरव," बाई म्हणाल्या.

भिंगरीने फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. "हे घासलेत?"

"हो. मी घासले."

"चुकून?"

"नाही."

भिंगरी आधी हसली. आई थट्टा करतेय असं तिला वाटलं. मग आईचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "किती वेळा?"

"चार."

"सर म्हणायचे मी कच खाते. मी खरं मानलं, आई. रोज आरशात बघून स्वतःला भित्री म्हणायचे मी!"

"तिसऱ्यांदा पडू नयेस म्हणून गं—"

"तिसऱ्यांदा? महिन्याभरात हजार वेळा पडले असेन! याच दातांमुळे पडले!"

आता सांगा, पात्यांवर बावीस वर्षं पोट भरलेल्या बाईला हे सुचू नये? पण नव्हतं सुचलं.

"आणि मी सोडते म्हणाले तेव्हा?" भिंगरीचा आवाज एकदम खाली आला. "तेव्हा का नाही बोललीस?"

थाप मारता आली असती. बाईंनी नाही मारली. "मला झोप लागली," त्या म्हणाल्या. "किती महिन्यांनी लागली."

भिंगरीने आपले दोन्ही बूट आणि नव्या पात्यांची जोडी उचलली आणि गेली. जाताना दार आपटलं असतं तरी बाईंना बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी ती बसने चार तासांवरच्या गावी गेली आणि तिथल्या कोणा कारागिराकडून नवी पाती बसवून, धार लावून घेऊन आली. सरांनी काय झालं ते विचारलं तर म्हणाली, "पातं खराब होतं." आईचं नाव घेतलं नाही. बाईंना ते ऐकून जास्तच मेल्यासारखं झालं.

बर्फावर उतरल्यावर ती साध्या वळणाला उजव्या पायावर बाहेरच्या बाजूला घसरली. दुसऱ्या वळणाला पुन्हा. बाई खिडकीतून बघत होत्या आणि त्यांना मिनिटात कळलं. उजव्या पात्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा खाली गेली होती. तिकडच्या बाबाने पातं तिरकं धरलं होतं. यावर उडी मारली तर उतरताना पाय बाहेर फेकला जाणार. बाई कडा तपासायची स्टीलची पट्टी घेऊन चपला फटफटवत कठड्यापर्यंत धावल्या.

"थांब! कडा सारख्या नाहीत तुझ्या!"

"हे तू सांगतेस?" भिंगरी म्हणाली. सर गोंधळून दोघींकडे बघायला लागले.

"मी खोटी असेन, ही पट्टी तर नाही ना? तूच ठेवून बघ."

भिंगरीने बूट काढला, पातं वर केलं आणि पट्टी आडवी ठेवली. तीन ठिकाणी ठेवली. तिन्ही ठिकाणी पट्टी एका बाजूला कलली. "चार तास बसमध्ये बसून गेले मी," ती म्हणाली. "तुझ्याकडे यायला लागू नये म्हणून."

बाईंनी पट्टी परत घेतली.

"लाव धार," शेवटी भिंगरी म्हणाली. "पण मी शेजारी उभी राहणार."

ती हाताची घडी घालून उभी राहिली. पातं चाकावरून सरकत टोकाकडे आलं की म्हणायची, "बास, थांब." बाई तिच्याआधीच थांबलेल्या असायच्या. बावीस वर्षांत त्यांच्या खोलीत त्यांना थांब म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

त्यानंतर सहा दिवस भिंगरी पडत राहिली, पण आता पडणं निराळं होतं. उडी उंच जात होती, गिरकी अपुरी पडत होती. सातव्या दिवशी सकाळी ती वळण घेत आली, दात खच्चकन रुतले, ती वर गेली, तीनदा फिरली आणि उजव्या पायावर उतरून मागे सरकत राहिली. पाय हलला नाही. मामाने बर्फगाडीचा भोंगा वाजवला तो थांबवेचना. सरांनी टोपी हवेत फेकली.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. भिंगरी धापा टाकत सरळ त्यांच्याकडे आली.

"आई, एक सांगू?"

"सांग ना, बाळा."

"रोवायच्या आधी रोज मनात येतं, दात आहेत ना? आजही आलं. ऐन उडीच्या वेळी." ती रागाने बोलत नव्हती, त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. "आधी मला भीती वाटतच नव्हती, आई. सर उगाच म्हणायचे. आता वाटते."

बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. "मग काय करतेस?"

"काय करणार? रोवते," भिंगरी म्हणाली, आणि पुन्हा वळण घ्यायला गेली.